गाय आली नव्हती, निर्मले

निर्मले, आधी मले हे सांग, तू वाटी रिकामी काहून पाठवली?

बाकीचं मागून बोलू. तुझी तेरवी झाली, मांडव निघाला, गोंदियाचे पाहुणे गेले, राजनांदगावचे गेले. आपल्या लाइनीतल्या बायांनी तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं. शांत होती, हसतमुख होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी भिंतीले टेकून ऐकून राहिली होती आणि मनात म्हणत होती, तुमाले काय माहीत! हसतमुख म्हणे! माझ्याशी अकरा दिवस तोंड फिरवून बसली आणि तशीच निघून गेली, ती ही बाई.

मेलेल्या माणसावर रागावणं बरं दिसत नाही, मले समजते. पण जितेपणी रागावायची सोय तू ठेवली कुठं? मी साबुदाण्याची उसळ केली होती, उपासाची, दाण्याचा कूट भरपूर घालून, तुले आवडते तशी. अबोल्याच्या चौथ्या दिवशी पाठवली. म्हटलं, चला, आपण मोठ्या आहो, आपणच वाकू. आणि तू काय केलं? वाटी घासून, पुसून, रिकामी परत पाठवली. तीही कुंपणातल्या फटीतून नाही, तर कामवालीच्या हातून, समोरच्या फाटकातून, जशी काही मी कोणी परकी. तीस वर्षं आपल्या वाट्या त्या मेंदीच्या फटीतून इकडून तिकडे गेल्या. कधी एक रिकामी गेली नाही. काहीच नसलं घरात तर तू गुळाचा खडा टाकायची, मी चार हिरव्या मिरच्या. त्या दिवशी मी वाटीच्या तळाशी माझंच तोंड पाहिलं, आणि अशी चिडली, अशी चिडली, की आमचे हे म्हणाले, "वाटी काहून आपटून राहिली? तिनं काय केलं?"

मी त्याईले सांगितलं, "एका फुलासाठी. एका फुलासाठी ही बाई माह्याशी बोलणं टाकून बसली."

सांगितलं ते अर्धंच. उरलेलं अर्धं आता लिहून राहिली आहे. ऐकून घे. मधात बोलायची तुझी सवय होती, आता काही तू बोलणार नाही.

हे सारं त्या चिमट्यानं सुरू झालं. तुझ्या रश्मीनं रायपूरहून आणलेली ती काच, नखाएवढी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारख्या चिमट्यात बसवलेली. मोबाइलच्या डोळ्यावर लावायची की बारीक वस्तू मोठी दिसते. पोरगी दोन दिवस खेळली आणि टाकून गेली. तू उचलली. चार वर्षं झाली त्याले. मी अंगणातलं गवत उपटत बसली होती आणि तू फटीतून हात काढून फोन माझ्या नाकासमोर धरला.

"ताई, हे पाह्य."

मी चष्मा पुसून पाहिलं. पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाले कैचीनं कापल्यासारखे तीन दाते. मधात पिवळ्या चांदण्यांचा ढीग. एकेक चांदणी म्हणजे पुरं फूल, पाच पाच पाकळ्यांचं.

"हे कुठलं वो? विलायती दिसते."

"तुह्या हातात हाये. आत्ता उपटलं ना तू."

कंबरमोडी! ते तण! जन्मभर खुरप्यानं काढून फेकलं ते. मी हातातली मूठ उघडली, त्यात चुरगळलेलं ते फूल, शेंगदाण्याएवढं. मले तुझा राग आला तो पहिला. आता उद्या मी अंगण साफ कसं करू, सांग? ज्याचा चेहरा पाहिला त्याले उपटणं कठीण जाते. तू मले त्या दिवशी एका साध्या कामातून उठवलं.

मग रोजचंच झालं. तुळशीच्या मंजिरीत ओठासारखी जांभळी फुलं असतात, मी पन्नास वर्षं तुळशीले पाणी घातलं, मले माहीत नव्हतं. कडुनिंबाचा मोहर, जो मी झाडून फेकायची, त्याच्या आत एक पांढरी नळी असते, चांदीच्या बोंडल्यासारखी. अर्जुनाच्या सालीवर हिरव्या-राखाडी बुरशीची गावंच्या गावं वसलेली. आणि स्टील प्लांटची धूळ! ती काळी धूळ मी उभा जन्म पुसली, खिडकीवरून, वाळवणावरून, पोरांच्या गणवेशावरून. तू सदाफुलीच्या पानावर तिचा फोटो काढला आणि ती अशी चमकली, जसा शालूवर चमकीचा सडा. मी म्हटलं, "निर्मले, आता तू धुळीचीही आरती करशीन." तू म्हटलं, "पुसाची ती पूस. पण एकदा पाहून पूस."

फोटोच्या वेळी वारा हा तुझा दुश्मन. पान तिळभर हललं की फोटो गेला. म्हणून मी तुझी भिंत.

"ताई, वाऱ्याच्या बाजूनं उभी राह्य. तू चांगली रुंद हायेस."

"रुंद हाव म्हणून बोलावते होय मले?"

"नाई तर काय रस्त्यावरच्या खांबाले बोलावू? तो बारीक पडते."

आणि मी उभी राहायची. पदर दोन्ही हातांनी पसरून, गुडघे दुखत, भाजी गॅसवर. तू जमिनीवर कोपर टेकून, श्वास रोखून, आख्खं अंग केसभर पुढे, केसभर मागे. मरोद्याच्या रस्त्यानं ड्युटीवरून येणारी माणसं सायकल हळू करून पाहायची. आमचे हे म्हणायचे, "दोघी म्हाताऱ्या झाडाले काय इंजेक्शन देऊन राहिल्या?" चार वर्षं मी तुझ्यासाठी वारा अडवला, निर्मले. हे तुझ्या तेरवीत कोणी बोललं नाही. मी तरी कशी बोलू?

आता माझी दुसरी ओळख. अख्ख्या सेक्टरले माहीत आहे ती. उजाडायच्या आत पिशवी आणि आकडी घेऊन निघणाऱ्या ज्या बाया आहेत, त्यातली मी एक. कोणाचं जास्वंद भिंतीबाहेर आलं, कोणाच्या चाफ्याची फांदी खाली वाकली, सारं पाठ. लोक चोरी म्हणतात. मी देवाचं म्हणते. त्यात इकडे आपण दोन श्रावण धरतो. हिंदीवाल्या शेजारपाजारचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, त्यांच्या सोबत मंदिरात जातो, मग आपला लागतो. दीड महिना मले फुलं पाहिजेत. तुले हे कधी पटलं नाही.

"देवाले तोडलेलंच फूल काहून लागते वो ताई?"

"मग काय झाड उपटून नेऊ?"

"झाडावरचं त्याले दिसत नाई का? त्यानंच तर लावलं तिथं."

"तू शंकराले शिकवू नको."

हा आपला वाद चार वर्षं चालला, कधी हसत, कधी फणकारत. कोणी जिंकलं नाही. मले वाटायचं, म्हाताऱ्या होऊन अगदी खाटेवर पडलो तरी हाच वाद घालू. नवऱ्याशीही घातला नाही एवढा वाद मले तुझ्याशी घालायचा होता.

आणि मग तुझा तो कैलासपती. नर्सरीतून काळ्या पिशवीत आणलेलं बोटभर रोप, फटीच्या अगदी बाजूले लावलं तू. झाड तुझ्या कुंपणात, पाचोळा माझ्या अंगणात. वर्षातून दोनदा पानं झाडायचं मेलं, दोन्ही वेळा माझ्याकडे. तरी डाळ-तांदळाचं धुतलेलं पाणी मी त्याले घातलं. पंधरा-सोळा वर्षं नुसती पानं. आणि या वर्षी खोडातून दोरीसारखी फांदी फुटली, कंबरेएवढ्या उंचीवर, बोराएवढ्या कळ्या घेऊन. तू लहान पोरीसारख्या हाका मारल्या. रोज सकाळी पहिल्या कळीचा फोटो. रोज. हिरवी होती, मग पिवळसर, मग फुगून गाल लाल. तुले ते फूल उघडताना पाहिजे होतं आणि मग भुंगा येताना. तू मले मंदिराजवळच्या झाडाखाली पडलेलं एक फूल उचलून समजावलं होतं. मधात पिंड, वर नागाच्या फण्यासारखी वळलेली टोपी. खालचे पराग झाडाच्या कामाचे, टोपीतले भुंग्याले खाऊ. तो खाऊले वर तोंड घालतो आणि त्याच्या पाठीले खालचे पराग लागतात. "फसवते झाड त्याले," तू म्हटलं, "पण खाऊ देऊन फसवते." हे तुले जित्या फुलात, जित्या भुंग्यासकट पाहिजे होतं.

मी म्हटलं, "पहिलं फूल देवाले, निर्मले. आपल्यात रीतच हाये."

"दुसरं ने."

"दुसरं कसं चालन? पहिलं म्हणजे पहिलं."

"मग देवाले म्हण, इथी या, चहा घ्या, पाहून जा."

मी हसली. पण मनात ठरवून बसली होती. सोमवार होता, आपल्या श्रावणातला पहिला. सव्वापाच झाले असतील, उजाडू लागलं होतं. फटीशी गेली तर वास आला. असा वास, निर्मले, की माझे हात जोडले गेले आपोआप. फूल उघडत होतं. मी फटीतून हात घातला, ज्या फटीतून वाट्या जातात तिच्यातूनच, आणि तोडलं. देठातून चीक आला. पिंडीवर वाहिलं तेव्हा मंदिरात साऱ्या बाया जमल्या. "अय्या मंदाबाई, कैलासपती! कुठं मिळालं?" मी म्हटलं, "आमच्या इथलं." त्या 'आमच्या'त मी तुले धरलं होतं की नाही, ते विचारू नको.

साडेसहाले तू फोन घेऊन आली. मी अंगणात तांदूळ निवडत होती.

"ताई, फूल कुठं गेलं?"

आणि मी, बासष्ट वर्षांची बाई, नातवंडांची आजी, आत्ताच शंकरासमोर डोळे मिटून आलेली, म्हटलं, "गाय शिरली होती वाटते. तुमचं फाटक उघडं दिसलं."

"गाय?"

"हौ. नाई तर काय मी खाल्लं?"

तू माझ्याकडे पाहत राहिली. मी तांदळातला एक खडा शोधत राहिली, जो तिथं नव्हताच. मग तू गेली. बस. तिथून अबोला.

मी का खोटं बोलली? तोडलं याची मले लाज नव्हती, अजूनही नाही, रीत ती रीत. पण तुझा चेहरा पाहिला आणि जीभ आपोआप गाईकडे वळली. आणि मग मले तुझाच राग आला. खोटं बोलणाऱ्याले असाच राग येतो बहुतेक, समोरच्याचा. मी म्हटलं, गाय खाऊन गेली असं सांगितलं तरी ही फुगते? मग तर गाईवर फुगाव ना! माझ्यावर काहून? असं म्हणत म्हणत मी त्या गाईले मनात खरीच करून टाकली. तिचा रंगही मले दिसू लागला होता.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराले तुझ्या दारात गाडी आली. मी खिडकीत होती. भाऊजी एका बाजूनं, रायपूरहून आलेली रश्मी दुसऱ्या बाजूनं, तू मधात, छातीवर हात. गाडीत बसण्याआधी तू मान वळवून माझ्या खिडकीकडे पाहिलं. आणि मी पडदा सोडला.

पडदा सोडला, निर्मले. वाटलं, आता काहून पाहते? आता गरज पडली? येऊ दे परत, मग पाहू. दुपारी भाऊजी एकटेच आले.

हे मी कोणाले सांगू? तुलेच सांगून राहिली. मले तुझा राग येतो की तू परत आली नाही. पाच पावलांवर माझं घर, एक हाक मारायची होती. "मंदाताई" म्हटलं असतं तर मी पायात चप्पल नसताना धावली असती. पण नाही. तुले मान होता ना!

तेरवीच्या दिवशी तुझ्या फोटोले झेंडूचा हार होता. सारे लोक मंत्र ऐकत होते आणि मी झेंडू पाहत होती. तूच शिकवलं, एक झेंडू म्हणजे एक फूल नव्हे, त्यातली एकेक पाकळी म्हणजे वेगळं फूल. मी मनात तुले म्हटलं, घे, एवढी तोडलेली फुलं गळ्यात घालून बसली आहेस, आता बोल! आणि मले रडू आलं. बाजूच्या बाईले वाटलं मंत्रामुळं.

पाहुणे गेल्यावर रश्मी तुझा फोन घेऊन आली. फटीतून अंग चोरून आली, बरं वाटलं.

"मावशी, मम्मीचे इतने सारे फूल-पत्ते हैं. दोन-चार छापून भिंतीवर लावतो म्हणतात बाबा. तू सांग कोणते. मुझे तो सब एक जैसे दिसते."

"एकसारखे दिसतात? हे पाह्य, हे तर..." असं म्हणत मी बोट फिरवत गेली, आणि कैलासपतीवर आली. रोजची कळी. हिरवी, पिवळी, लाल. मग तो सोमवार. उघडतं फूल, दवाचा एक थेंब टोपीवर. त्याच्या पुढचा फोटो पाहिला आणि माझं बोट थांबलं.

त्यात माझा हात होता.

तू तिथं होती. खोडाच्या पलीकडे, खाली बसून, सव्वापाचलेच, माझ्यापासून दोन हातांवर. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याले तू दिसली नाही. पण तुझ्या काचेत मी पुरी आली. माझं बोट, विळीनं कापल्याची जुनी खूण. नखाच्या कडेले पिवळे पराग. चामडीवरच्या बारीक चौकटी, वाळलेल्या तळ्यासारख्या. देठ पिळल्या जाऊन राहिला आणि चिकाचा थेंब माझ्या अंगठ्यावर, मोत्यासारखा. राग कशाचा येते सांगू? फोटो सुंदर आहे. तिळभर हललेला नाही. माझी चोरी तू अशी काढली जशी तुळशीची मंजिरी.

माझा हात काहून नाही धरला तिथंच? ओरडली का नाही? श्वास रोखून बसली होती ना फोकससाठी! बोलली असती तर फोटो हलला असता! आणि मग साडेसहाले येऊन विचारते, फूल कुठं गेलं. सारं माहीत असून विचारते. हा न्याय आहे? पुरावा मुठीत होता, तोंडावर फेकायचा. आपण भांडलो असतो, दोन दिवस, चार दिवस, मी रडली असती, तू वाटीत गूळ टाकून पाठवला असता, संपलं असतं.

मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, "रश्मी, ते फूल मी तोडलं होतं. मी तुह्या मम्मीले गाय म्हणून सांगितलं."

पोरगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "पता है मावशी. मम्मीनं फोनवर सांगितलं होतं मले."

"काय म्हणाली?"

"मी बोलली, मावशी को फोटो दिखा दो ना, बात खत्म. तर म्हणे, नाई. ताई स्वतःच येऊन सांगन. तोवर तू काही बोलू नको."

निर्मले, एवढा भरवसा ठेवायचा असतो का कोणावर? मी येईन म्हणून वाट पाहत बसली? माझ्यासारखीची? मी तुझ्या बोलण्याची वाट पाहून राहिली आणि तू माझ्या. उसळ पाठवली मी, पण ती उसळ नको होती तुले. म्हणून वाटी रिकामी. आता समजलं. आता समजून काय करू? आणि गाडीत बसताना तू माझ्या खिडकीकडे पाहिलं तेव्हाही वाटच पाहून राहिली होती का? हे मी कोणाले विचारू?

त्या फांदीवर अजून कळ्या आहेत. तू त्या अकरा दिवसांतही दुसऱ्या कळीचे फोटो काढत होती, फोनमध्ये आहेत. ती दुसरी तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडली असेल, घरात रडारड, कोणी पाहिलं नाही. रश्मी चिमट्याची काच आणि फोन माझ्याजवळ ठेवून रायपूरले गेली. म्हणाली, "मावशी, तू कर. मम्मी असती तर डांट लावून तुलेच दिला असता."

आज सकाळी तिसरी उघडली. वास तोच. मी पिशवी घरीच ठेवून आली होती. शंकराले बेल आणि तांदूळ वाहिले, तो नाराज झाला असेल तर तू आता तिकडेच आहेस, पाहून घे तुझं तू. कोपर टेकवत नाही माझ्याच्यानं, गुडघ्यावर बसली. ऊन आलं आणि भुंगा आला. टोपीखाली शिरला, आत तोंड घातलं, घूं घूं करत राहिला आणि पाठ पिवळी करून निघाला. अगदी तू म्हणत होती तसंच. मी श्वास रोखला, अंग केसभर पुढे, केसभर मागे, आणि दाबलं.

फूल झाडावरच आहे. हे खरं सांगून राहिली.

फोटो हलला. वारा होता, आणि वाऱ्याच्या बाजूनं उभं राहाले कोणी नव्हतं.